साहेबांचे मासे आणि मुसीची वाळू

मला माशांतलं काही कळत नाही, हे मी फार उशिरा कबूल केलं. त्याआधी दीडेक वर्ष मी कचेरीत बरोबर उलटं सांगत फिरत होतो.

कचेरी नामपल्लीला, निजाम सरकारची. मी तिथे कारकून. आमच्या शाखेच्या मुख्याला तिकडे मुंतजिम म्हणत. आमचे मुंतजिम साठीला टेकलेले, पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे मुसलमान गृहस्थ होते. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. त्यांच्या मलकपेठच्या घरी दिवाणखान्यात लोखंडी चौकटीची काचेची पेटी होती आणि पेटीत दोन सोनेरी मासे. एकदा मी कागदांवर सही घ्यायला गेलो, तर साहेब पेटीसमोर खुर्ची टाकून बसलेले. फाइलीकडे बघायला तयार नाहीत. त्यांचं मन वळवावं म्हणून मी सहज म्हणालो की आमच्या आजोळी, गोदावरीच्या काठी, माशांचा फार जुना अभ्यास आहे.

आजोळ गोदावरीच्या काठी होतं, एवढंच त्यात खरं. घर कडक शाकाहारी ब्राह्मणांचं. त्यांचा माशांचा अभ्यास म्हणजे घाटावर कोळी जाळं पसरून बसलेला दिसला की आंघोळीला दुसऱ्या घाटावर जायचं.

सही लगेच मिळाली. पण त्या दिवसापासून साहेब मला माशांचा हकीम समजायला लागले. मासा सुस्त का आहे, शेपटीला पांढरं का आलंय, असं काहीबाही विचारायचे आणि मी गंभीर चेहरा करून उत्तरं द्यायचो. पाणी बदला, किंवा पाणी बदलू नका, ह्या दोन्ही सल्ल्यांवर माझं वर्ष निभावलं. मासे माझ्या सल्ल्यांना न जुमानता जगत होते.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आम्हा हिंदूंना हैदराबादेत राहणं कठीण झालं. बरकतपुऱ्यात आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागली. लोक बायकामुलांना घेऊन सोलापूरकडे, बार्शीकडे निघाले होते. मीही बायकोला सोलापूरला तिच्या भावाकडे पोचवलं. निघण्यापूर्वी तिने एक लोखंडी ट्रंक भरली. देव्हाऱ्यातले देव, तिचा शालू, चांदीची चार भांडी. गाडीत तसली ट्रंक नेणं धोक्याचं, आणि घरात ठेवणं त्याहून धोक्याचं. मी ती टांग्यात घालून साहेबांकडे नेली. आत काय आहे ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. देव आहेत म्हटल्यावर त्यांनी नोकराला बोलावून ट्रंक जमिनीवरून उचलायला लावली, कपाटाच्या माथ्यावर ठेवली आणि तिच्यावर कुणी काही ठेवायचं नाही असं घरात बजावलं.

मग सप्टेंबरात हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य आटोपलं. गाड्या सुरू झाल्यावर बायको परतली. ट्रंकही परतली. कुलपावर मी लाखेची मोहर लावली होती, ती जशीच्या तशी होती. बायकोने देव देव्हाऱ्यात मांडले, निरांजन लावलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.

आमच्या घरातून भीती गेली, ती साहेबांच्या घरी जाऊन बसली. मलकपेठेत ते आणि एक म्हातारा नोकर, दोघेच. बायको चार वर्षांपूर्वी वारलेली. कचेरीतून त्यांना सक्तीची रजा मिळाली होती. ती संपणार कधी, संपणार की नाही, कुणी सांगत नव्हतं. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी त्यांचा टांगा आमच्या दाराशी थांबला. टांग्यात काचेची पेटी होती, तळाशी खडी आणि चार बोटं पाणी. साहेबांच्या मांडीवर मातीचा घडा, त्यात मासे.

काही दिवस जुन्या शहरात लेकीकडे राहायला जातो, असं त्यांनी सांगितलं. तिच्या दोन खोल्यांत सात माणसं, तिथे पेटी ठेवायला जागा नाही. पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर येऊन घेऊन जाईन. मग घड्यात बघत म्हणाले, “मियाँ, बड़ीवाली मरहूमा की है. उनके हाथ से खाती थी. अमानत समझिए.” मरहूमा म्हणजे त्यांची वारलेली बायको.

मी छातीवर हात ठेवून म्हणालो की हुजूर, हकिमाच्या घरी आजारी पडायची माशांची हिंमत नाही. ते हसले नाहीत. टांगा वळला तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, ते माझ्याकडे नव्हे, पेटीकडे.

बायकोने पेटी ओसरीवर ठेवायला परवानगी दिली. त्यापुढे एक पाऊलही नाही. माशांच्या पाण्याचा लोटा वेगळा, तो घरात आणायचा नाही. पेटीला हात लावला तर स्वयंपाकघरात येण्यापूर्वी विहिरीवर हातपाय धुवायचे. एवढं सांगून ती आत वळली आणि उंबऱ्यावर थांबून म्हणाली, “अहो, आपली ट्रंक कशी परत आली, आठवतंय ना? तसेच हे परत गेले पाहिजेत.”

म्हणजे आठ दिवस दोन मासे जिवंत ठेवायचे, एवढंच काम. काही न करता पार पडलं असतं.

पण हकीम स्वस्थ कसा बसेल. मी त्यांना ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा घातला, भाताची शितं घातली. त्यांनी थोडं खाल्लं, बाकीचं खडीच्या फटींत जाऊन बसलं आणि सोमवारपर्यंत पेटीला वास यायला लागला. ती खडीही धारदार होती, रस्त्यावर अंथरतात तसली. मोठी मासोळी तळाशी जाऊन एकेक खडा तोंडात घ्यायची, घोळवायची आणि टाकायची. सोमवारी दुपारी एक खडा तिच्या तोंडात अडकला. तोंड उघडं ते उघडंच. ती कोपऱ्यात अंग घासत होती, वर येत होती, पुन्हा खाली जात होती. मी समोर उकिडवा बसून, तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होतो. बायको दाराआडून आम्हा दोघांकडे बघत होती. अर्ध्या तासाने मासोळीने मान झटकली आणि खडा पडला.

मी बायकोकडे असं पाहिलं की जणू तो मीच काढला.

पण पुन्हा अडकला तर? शुक्रवार अजून चार दिवसांवर. त्या संध्याकाळी मी ठरवलं की खडी काढून टाकायची आणि तिथे बारीक वाळू घालायची. वाळू तोंडात अडकत नाही, आणि खाणं वरच राहिलं तर उचलून टाकता येतं. आजही मला वाटतं की विचार बरोबर होता. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती बरोबर विचारातूनच निघाल्या आहेत.

“साहेबांनी बदलायला सांगितलंय का?” बायकोने विचारलं.

नाही म्हटलं.

“मग?”

मी म्हणालो, हकीम कोण आहे?

मंगळवारी कचेरी सुटल्यावर मी सायकल घेऊन मुसीवर गेलो. चादरघाटच्या पुलाजवळ, धोब्यांच्या दगडांच्या वरच्या अंगाला, पाऊस ओसरल्यावर छान वाळू उघडी पडली होती. अर्धं पोतं भरलं, सायकलीच्या मागे बांधलं आणि पुलाच्या तोंडाशी आलो. तिथे लष्कराचा पहारा होता. येताना त्यांनी मला पाहिलंही नव्हतं. जाताना मात्र एका शिपायाने बंदूक आडवी धरली. त्या दिवसांत वाळूची पोती म्हणजे मोर्चेबंदी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वाळू कशाला, त्याने विचारलं. मी म्हणालो, मछली के लिए.

तो उत्तरेकडचा होता. त्याने दुसऱ्या शिपायाला हाक मारली आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, मछली रेत खाती है? इथे गप्प बसायचं, तर माझ्यातला हकीम जागा झाला. मी म्हणालो, “खाती नहीं जनाब. चबाकर थूक देती है.”

त्यांना वाटलं मी त्यांची चेष्टा करतोय. अंगात कचेरीची शेरवानी, तोंडात ‘जनाब’. त्यांनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं, त्यांना ते पटलं नाही. पहिल्या शिपायाने बंदुकीची संगीन पोत्यात खुपसली, फिरवली, बाहेर काढली. मग तेच टोक माझ्या छातीसमोर आणून, खरं बोल म्हणाला.

माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. शेरवानीच्या गुंड्या सोडल्या, सदऱ्यात हात घातला आणि जानवं बाहेर काढून दाखवलं. शिपायाने ते पाहिलं, बंदूक खाली घेतली आणि जा म्हणाला. वर हसूनही म्हणाला, पंडितजी, पहले बताते.

सायकल ढकलत मी पन्नास पावलं गेलो, तेव्हा कुठे गुंड्या लावता आल्या. साहेबांना हाच पूल ओलांडून लेकीकडे जावं लागलं होतं, मांडीवर घडा घेऊन आधी आमच्याकडे यावं लागलं होतं. त्यांच्याकडे दाखवायला काय होतं? ही गोष्ट मी घरी सांगताना शिपायाच्या प्रश्नापर्यंतच सांगितली. बायको हसली. पुढचं मी आज पहिल्यांदाच लिहितोय.

संगिनीने पोत्याला भोक पडलं होतं. काचीगुडा ओलांडून घरी पोचलो तेव्हा मागे रस्त्याभर वाळूची रेघ आणि पोत्यात निम्मी वाळू. ती पेटीला पुरेशी होती. नसती पुरली तर बरं झालं असतं.

बुधवारी उजाडताच कामाला लागलो. दोन्ही मासे तांब्याच्या घंगाळात सोडले. बायकोने विचारलं, आपल्या आंघोळीचं घंगाळ? मी तिला समजावलं की तांब्यातलं पाणी सगळ्यांत शुद्ध. खडी काढून अंगणाच्या कोपऱ्यात टाकली. पेटीतलं जुनं हिरवट पाणी केळीला घातलं. काच घासून लख्ख केली. मग विहिरीवर बादलीत वाळू धुवायला बसलो.

बायकोने सांगितलं होतं, तांदूळ धुतो तशी धुवा, पाणी नितळ होईपर्यंत. पहिलं पाणी चहासारखं. दुसरं चहासारखं. सहाव्या पाण्यातसुद्धा फक्त दूध जास्त झालं होतं. दोराने हाताला फोड आले आणि कचेरीची वेळ जवळ येत होती. तेवढ्यात विहिरीच्या कठड्यावर रिठ्याचं भांडं दिसलं. ट्रंकेत महिनोन्महिने राहून शालूला कोंदट वास लागला होता, म्हणून बायकोने आदल्या दिवशी रिठे भिजत घातले होते.

साबण माशांना वाईट, एवढं मलाही कळत होतं. पण रिठा हा झाडाचा. रिठ्याने शालू धुतात, सोवळं धुतात, सोनार दागिने धुतात, बाळंतिणीचे केस धुतात. आमच्या घरात रिठ्याइतकी पवित्र वस्तू गंगाजळ सोडलं तर दुसरी नसेल. मी भांडं उचललं आणि अख्खं वाळूवर ओतलं.

काय फेस आला. दोन्ही हातांनी वाळू चोळली, मळ सुटा होऊन वर आला. फेस ओतून टाकला, बादलीतून घंगाळात, घंगाळातून घागरीत अशी वाळू फिरवली (मासे तेवढ्यापुरते माशांच्या लोट्यात), दोन पाण्यांनी विसळली. तिसरं पाणी अर्धंच काढलं. थोडे बुडबुडे उरले होते, ते मी स्वच्छतेची खूण समजलो. वाळू पेटीत पसरली, विहिरीचं ताजं पाणी भरलं, मासे सोडले. सकाळचं ऊन वाळूवर पडलं आणि पेटी अशी दिसायला लागली की मी बायकोला बाहेर बोलावून दाखवली. तिनेही मान डोलावली. शालूचे रिठे कुठे गेले, हे तिने अजून विचारलं नव्हतं.

मी शेरवानी चढवून बाहेर आलो तोवर दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या थराशी आले होते. तोंडं पाण्याबाहेर, उघडझाप चाललेली. लहानगा मध्येच सुसाट पळायचा, काचेवर आपटायचा, पुन्हा वर.

“हे असं करतात?” बायकोने विचारलं.

नवी जागा आहे, रुळतील, मी म्हणालो. मी शेरवानी काढली नाही, कचेरीतही गेलो नाही. पेटीसमोर उभाच राहिलो. हळूहळू लहानगा एका कुशीवर कलला. मोठी अजून सरळ होती, पण तिचे कल्ले इतक्या भराभर उघडमीट करत होते की ते बघताना माझाच श्वास लागायला लागला. काय बिघडलं ते कळेना. पाणी ताजं, वाळू स्वच्छ, काच स्वच्छ. मी वाळूत पुन्हा खाणं टाकावं का असा विचार करत होतो.

तेवढ्यात धोबीण आली. ती तेलुगू बाई, मुसीच्या घाटावरची, आठवड्यातून एकदा कपडे न्यायला यायची. गाठोडं खाली ठेवून ती पेटीपाशी वाकली. काचेच्या कोपऱ्यात पांढऱ्या फेसाची एक बारीक कड होती. तिने त्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला.

“कुंकुडकाय,” ती म्हणाली. रिठ्याला ती तेच म्हणायची, आणि बायकोला तो शब्द तिच्यामुळेच ठाऊक होता. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, “अय्या, ये इसमें डाले क्या?”

मी म्हणालो, वाळू धुवायला घातलं, आणि विसळलंसुद्धा.

तिने डोक्याला हात लावला. तिच्या गावी उन्हाळ्यात तळं आटलं की हीच फळं कुटून पाण्यात टाकतात. मासे घटकाभरात गुदमरून वर येतात आणि पोरंसोरं हातांनी गोळा करतात. घाटावर रिठ्याचं पाणी ओतायचं तर धोबी लोक सगळे प्रवाहाच्या खालच्या अंगाला जातात, कारण वर कोळी असतात. हे सगळं भराभर सांगून ती म्हणाली, “मारने का था तो मेरे कू बोलना था. मैं काट के ले जाती थी.”

बायकोचा चेहरा पांढरा पडला. ती “पाणी,” एवढंच म्हणाली.

पण पाणी घालायचं कशात? बादलीत रिठा. घंगाळात रिठा. घागरीत रिठा. माशांच्या लोट्यानेही मी शेवटी फेसच उपसला होता. माझ्या उत्साहातून अंगणातलं एकही भांडं सुटलं नव्हतं. मी विहिरीकडे धावलो, बादली घासायला लागलो, आणि जितकी घासली तितका तिला फेस यायला लागला. मागून धोबीण ओरडत होती की लवकर, ते जातंय. मागे पाहिलं तर लहानगा पोट वर करून तरंगत होता.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा रांजण होता, मातीचा, अर्धा जमिनीत पुरलेला. पहाटे सोवळ्याने भरलेला. घरात रिठ्याचा हात न लागलेलं तेवढंच पाणी होतं. माशांचा लोटाही ज्या उंबऱ्याच्या आत आणायचा नव्हता, तिथून ती म्हणाली, “आणा इकडे.”

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. मी बादली धरून तसाच उभा. ती स्वतः ओसरीवर आली, बाह्या मागे सारून दोन्ही हात पेटीत घातले आणि मोठी मासोळी ओंजळीत उचलली. मासा तिने आयुष्यात कधी शिवलेला नव्हता. ओंजळ छातीशी धरून ती आत गेली, आणि रांजणात पाणी हलल्याचा आवाज आला. लहानग्याला मी नेलं. त्याने रांजणात दोनदा तोंड उघडलं, तिसऱ्यांदा उघडलं नाही.

शुक्रवारपर्यंतचे दोन दिवस आमचं घर त्या रांजणाभोवती फिरत होतं. आत अंधार, काही दिसायचं नाही. बायको दारात आरसा धरून उन्हाचा कवडसा आत सोडायची आणि मी काठावरून वाकून बघायचो. मासोळी तळाशी एका कुशीवर पडलेली. कल्ला हलतोय की पाणी हलतंय, कळायचं नाही. हलला असं मी म्हणायचो, मग बायको वाकून बघायची आणि पुन्हा आरसा धरायची. रांजण कलता करता येत नव्हता, म्हणून लोट्याने अर्धं पाणी काढायचं आणि नवं अलगद सोडायचं. प्यायचं पाणी आम्ही शेजारून आणत होतो. रांजणाला काय झालं, असं शेजारणीने विचारलं. तडा गेलाय, बायकोने सांगितलं. लग्नापासून मी तिला खोटं बोलताना तेवढंच ऐकलं.

मी कचेरीत नातेवाईक अत्यवस्थ असल्याचं कळवलं आणि उरलेल्या वेळात साहेबांना सांगायची हकीकत तयार केली. टांग्याच्या हिसक्यांनी लहानग्याला इजा झाली, हकिमाने शर्थ केली, अल्लाची मर्जी. उर्दूत ती इतकी छान जमली की माझे डोळे दोनदा भरून आले.

शुक्रवारी दुपारी साहेब आले. आठ दिवसांत बारीक झाले होते. ओसरीवर बसले आणि त्यांची नजर पेटीकडे गेली. पाणी नाही. तळाशी वाळू, कोरडी. ते काही विचारणार त्याआधीच मी हकीकत सुरू केली. टांग्याचे हिसके झाले, हकिमाची शर्थ झाली, अल्लाच्या मर्जीपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला.

“लहानगा रिठ्याने मेला. यांनी वाळू रिठ्याने धुतली.”

साहेबांनी परभणीत बारा वर्षं काढली होती, मराठी त्यांना माझ्याइतकीच येत होती. हे बायकोला ठाऊक होतं. त्या क्षणी मी मात्र विसरलो होतो.

“आणि मोठी?” त्यांनी दाराकडे तोंड करून विचारलं.

“आत आहे. रांजणात.”

मी उठलो, आणतो म्हणालो. बायको म्हणाली, नाही. पुन्हा हातात धरली तर जाईल. मग थोडं थांबून, “साहेबांनी आत यावं.”

साहेब जागेवरून हलले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, “बेटी, आत तुमचं सोवळं-ओवळं आहे. मला ठाऊक आहे. मी इथेच ऐकतो. ज़िंदा आहे ना?”

“ते तुम्हीच बघा. आम्हाला कळत नाही.”

साहेबांनी जोडे काढले. विहिरीवर जाऊन पाय धुतले, हात धुतले, कुणी सांगितलं नव्हतं. उंबऱ्याशी क्षणभर थांबले. बायको बाजूला सरकली आणि ते आत आले. आमच्या घरी जातीबाहेरचं कुणी इतकं आत कधी आलं नव्हतं, आणि चुलीवर आमटी उकळत होती. ते गुडघे टेकून रांजणाशी बसले. मी दारातून आरसा धरला. कवडसा भिंतीवर, फळीवर, साहेबांच्या दाढीवर नाचत होता. बायकोने आरसा माझ्या हातातून काढून घेतला आणि उजेड पाण्यात स्थिर धरला.

साहेबांनी बाही वर केली आणि हात पाण्यात सोडला. नुसता सोडून ठेवला, बोटं ढिली. आमटी उतू जायला आली, बायकोने मान न वळवता पायाने लाकूड मागे ओढलं.

खूप वेळाने साहेबांचं मनगट किंचित हललं. मी पुढे वाकलो. मासोळी तळावरून उठली होती. तिरपी होती, पण उठली होती, आणि त्यांच्या मधल्या बोटाला तोंड लावत होती.

“साँस ठीक आहे,” ते म्हणाले. “घाबरलीय.” मग ते एकदम मलाच फैलावर घ्यायला लागले. वाळू धुताना मासे कुठे ठेवले होते? घंगाळात. पितळेच्या? तांब्याच्या, मी म्हणालो. साहेबांनी डोळे मिटले. तांबं त्यांना मानवत नाही हे पेटी विकणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. “म्हणजे रिठा आणि तांबं दोन्ही,” ते म्हणाले. “मियाँ, तुमच्या आजोळच्या अभ्यासात आणखी काही राहिलंय?”

तेव्हा मी सगळं कबूल केलं. आजोळ, कोळी, दुसरा घाट, सगळं. बायकोच्या हातातला कवडसा हलला, ती हसत होती. साहेब हसले नाहीत, पण पाण्यातला हातही त्यांनी बाहेर काढला नाही.

मग त्यांनी माझी वाळू पेटीतून काढायला लावली. कल्पना वाईट नाही, म्हणाले, खडीपेक्षा बरीच बरी. फक्त धुतली पाहिजे. विहिरीवर ते आणि बायको समोरासमोर बसले. मी पाणी ओढायचं. बायको बादली कलती करायची, साहेब तळहाताने वाळू आवरून गढूळ पाणी सोडायचे. विसाव्या पाण्यानंतर मी म्हणालो, झालं. दोघांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. चाळिसाव्या पाण्यात बायकोने हातातली बांगडी तळाशी धरून पाहिली, तिचं नक्षीकाम स्पष्ट दिसलं, तेव्हा थांबले. पेटीत वाळू पसरली, पाणी भरलं आणि दोन दिवस तसंच मुरू द्यायचं ठरलं.

रविवारी साहेब पुन्हा आले आणि रांजणातून मासोळी त्यांनीच काढली. पेटीत सोडल्यावर ती एका जागी थरथरत राहिली. मग डोकं खाली करून वाळूत तोंड खुपसलं, भरून घेतलं आणि कल्ल्यांतून बाहेर सोडलं. पुन्हा घेतलं. आम्ही तिघं ओसरीवर बसून ते बघत होतो. बायकोने चहा केला होता. साहेबांनी घरच्याच कपातून घेतला.

मलकपेठच्या घरी परत जायचं कधी, त्यांनाही माहीत नव्हतं. कप खाली ठेवून ते म्हणाले, “अजून महिनाभर ठेवाल?”

मी लगेच होकाराला तोंड उघडलं. मग लक्षात आलं की ते बायकोला विचारत होते.

“ठेवू,” ती म्हणाली. “पण यांना हात लावू देणार नाही.”

“बेटी, मी तीच शर्त घालणार होतो.”

मला दोघांनी मिळून पाण्याचं काम दिलं, तेही विहिरीपासून ओसरीच्या पायरीपर्यंत. पायरीवर बादली ठेवायची आणि मागे सरकायचं. त्यापुढचं ती बघेल.